अख्खं गाव ॲडमिन

रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने समुद्र गाडीच्या अगदी जवळ येतो आणि मोबाइलची रेंज दूर जाते. आमचं गाव याच पट्ट्यात आहे. नाव सांगत नाही. लेख छापून आल्यावरही मला तिथंच राहायचं आहे.

रेंज अजिबात नाही असं नव्हे. ती ठरावीक जागी येते, आणि सातबाऱ्यावर नोंद असल्यागत गावाने त्या जागा वाटून घेतल्या आहेत. शाळेच्या कुंपणाचा पडका कोपरा तरुणांचा. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर डावा पाय ठेवून मान समुद्राकडे कलती केली की आखातात नीट ऐकू जातं, म्हणून ती पायरी दोन आज्यांची. एकीचा मुलगा दुबईत, दुसरीचा मस्कतला, त्यामुळे वेळा ठरलेल्या. पाण्याच्या टाकीवर चढलं तर चारही रेषा भरतात. पण टाकीवर कुणी दिसला की खालून "उतर रे बाबा, लावून देतो तुझं लगीन!" असं ओरडणारा एक तरी निघतो, म्हणून तिथं फारसं कुणी जात नाही.

आमचं यात छान चाललं होतं. नड आली ती पाहुण्यांमुळे. शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, मंडळी सुरमईच्या थाळ्या हाणतात, सोलकढी दुसऱ्यांदा मागून घेतात आणि मग गल्ल्यावरच्या क्यूआर कोडसमोर फोन धरून उभी राहतात. फोनवर चाक फिरत राहतं.

"काकू, माझ्याकडून पैसे गेलेत."

"गेले असतील, पन माझ्याकडं आले नाय. मधी हे टेबल सोडून दुसरं काय हाय? गेले कुठं?"

एका सद्गृहस्थांना पैसे पाठवायला टाकीवर जावं लागलं. जाताना खानावळवाल्या काकूंनी त्यांची बायको आणि दोन मुलं तारण म्हणून ठेवून घेतली. तारणाने तेवढ्या वेळात कोळंबीच्या आणखी दोन प्लेटा संपवल्या. गृहस्थ उतरून आले, नवा आकडा ऐकला आणि मुकाट्याने पुन्हा शिडीकडे वळले. या वेळी खालून लग्नाचं आश्वासन आलं तेव्हा ते वरून ओरडले, "झालंय हो! म्हणूनच वर आलोय!"

पुढच्या ग्रामसभेत सार्वजनिक वाय-फायचा विषय निघाला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं की केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली आहे. चहाची टपरी असो, किराणा दुकान असो, कुणीही इंटरनेटची जोडणी घेऊन आपल्या दारात लोकांना वाय-फाय देऊ शकतो. परवाना नको, नोंदणी नको, फी नको. अशा जागेला म्हणायचं 'पब्लिक डेटा ऑफिस'. हे ऐकून अनुभवी सदस्य अस्वस्थ झाले. परवानाच नको, तर मग अडवायचं कुठल्या टेबलावर? ही ऑफिसं आणि त्यांचं जाळं चालवणारे यांची एक केंद्रीय नोंदवही असते असं कळलं तेव्हा ते जरा सावरले.

सगळ्यात खूश झाले आमचे जुने पीसीओवाले काका. त्यांच्या काचेच्या खोक्यात एके काळी गावाची लग्नं जमली, मोडली आणि आंब्याच्या पेट्यांचे भाव ठरले. आता त्या खोक्यात कोंबड्या असतात. काका उभे राहून म्हणाले, "हा पीसीओच हाय. फक्त काच काढली." त्यांचं काही चुकत नव्हतं. योजना पीसीओच्याच धर्तीवर बेतली आहे. केंद्रीय नोंदवही सांभाळते तीसुद्धा सी-डॉट, म्हणजे १९८४ साली स्थापन होऊन पुढे खेड्यापाड्यांत टेलिफोन एक्स्चेंज पोचवणारी तीच संस्था. रात्री उशिरा पूर्वीसारखा पाव दर ठेवायचा का, हेही काकांनी तिथल्या तिथं विचारून घेतलं. २०१७ साली दूरसंचार नियामक ट्रायने या योजनेचा प्रयोग केला तेव्हा २ रुपयांपासून २० रुपयांपर्यंतच्या इंटरनेटच्या पुड्या काढल्या होत्या, असं भाऊसाहेब म्हणाले. पुडी म्हटल्यावर मागच्या रांगेत एकदम रस निर्माण झाला. पुडी कसली ते कळल्यावर तो ओसरलाही.

यंत्र आणून बसवायचं काम माझ्याकडे आलं. याचं कारण माझी पात्रता. मुंबईला नोकरीत असताना माझं टेबल सर्व्हर रूमच्या दाराला लागून होतं. उन्हाळ्यात त्या दाराच्या फटीतून गार हवा यायची. माझा आणि संगणकशास्त्राचा संबंध एवढाच. पण गावाला तेवढं पुरेसं होतं. आधीचा तज्ज्ञ मिक्सर दुरुस्त करायचा आणि तो पनवेलला राहायला गेला होता.

शहरातल्या एका कंपनीच्या माणसाने 'मॅनेज्ड राउटर' सुचवला. "सर, तुम्हाला काहीच करायचं नाही. सगळं क्लाउडवरून मॅनेज होतं."

"पण मॅनेज करणार कोण?" सरपंचताईंनी विचारलं.

"तुमचा ॲडमिन. कुणाला नेट द्यायचं, किती वेगाने द्यायचं, किती वेळ द्यायचं, कुणाला तोडायचं, सगळं तो मोबाइलवर ठरवतो."

सभेत शांतता पसरली. एवढे अधिकार सरपंचालासुद्धा नाहीत. त्या क्षणी सभेत बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात एकच विचार आला होता, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या शांततेत आहे.

पण आधी यंत्राची जागा ठरायची होती. पुजारीकाका म्हणाले, देवळाच्या सभामंडपात लावा, लोक निदान देवळात तरी येतील. मच्छीवाल्या मावश्या म्हणाल्या, बाजारात लावा, गिऱ्हाईक आमच्याकडंच पैशासाठी अडतंय. होमस्टेवाल्यांना ते समुद्राकडे तोंड करून हवं होतं, कारण पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात. एका बागाईतदार आजोबांचं म्हणणं, कुठंही लावा पण माझ्या वाडीपासून लांब. लहरींनी सुपारी गळते. यावर निवृत्त मास्तरांनी इतिहास काढला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया हलतील, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. आपला जिल्हा लहरींपासून शांत म्हणून निवडलेला आहे, आणि आपण इथंच लहरी सोडणार! मी सांगितलं की राउटरची ताकद एका वॅटच्या आत असते, तेवढ्याने सुपारी तर सोडा, फूलही गळणार नाही. मास्तर म्हणाले, "ट्रामवालेही तेच म्हणाले असतील."

राज्यात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे आणि गावात तिची समिती आहे. राउटरची जागा हा विषय अखेर समितीपुढे गेला. समितीने यंत्र कुणाच्याच सोयीच्या नसलेल्या समाजमंदिरावर लावायचा निकाल दिला. सगळ्यांची सारखीच गैरसोय झाल्यावर तंटा मिटला.

वायरमनदादा आले. "वायरलेस हाय ना? मग मना कशाला बोलावलंव?" हा प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क होता. बिनतारी यंत्राला लागलेली तार मोजली तर ती समाजमंदिराला दोनदा गुंडाळता आली असती. नशिबाने वीज आणि इंटरनेट एकाच वायरीतून जातात. नाहीतर तिसरा फेरा झाला असता. खांब किती उंच असावा यावरही मतं होतीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा माड, सुपारी, पत्रे आणि विजेचे खांब यांनी एकत्रच लोळण घेतली होती. तेव्हापासून गावात कुठलीही वस्तू उभी करायची म्हटलं की पहिला प्रश्न "निसर्गात टिकली असती काय?" हाच असतो. खांब ठेंगणा झाला. ठेंगण्या खांबावरच्या यंत्रासमोर जांभ्या दगडाच्या चिऱ्याची जाड भिंत, भिंतीपलीकडे माडाच्या झावळ्या. वाय-फायच्या लहरींना पाणी मानवत नाही, आणि आमच्याकडे पावसात भिंत, झावळी आणि माणूस ही तिन्ही पाण्याचीच रूपं असतात. खारी हवा वेगळीच. वायरीच्या टोकाची पितळी रंगाची दातरी पहिल्या महिन्यातच हिरवी पडू लागली. वायरमनदादांनी ती काढून सदऱ्याला पुसली, परत खोचली आणि "देखभाल" म्हणून वहीत लिहिली.

आता यंत्र सुरू करायचं. खोक्यात राउटर, चार स्क्रू आणि एक चिटोरं. चिटोऱ्यावर एकच ओळ: 'ॲप डाउनलोड करा.' यंत्राला ना पडदा, ना बटण. पुढे एक दिवा, मागे टाचणी जाईल एवढं भोक. राउटर चालू झाल्याशिवाय गावात इंटरनेट नाही, इंटरनेटशिवाय ॲप चालत नाही, आणि ॲपशिवाय राउटर चालू होत नाही. तेव्हा मी फोन घेऊन टाकीवर, वायरमनदादा समाजमंदिराच्या गच्चीवर आणि मधल्या वाटेवर हाकेच्या अंतराने शाळेची पोरं, अशी रचना केली.

ॲपने विचारलं, दिवा कोणत्या रंगाचा आहे? मी खाली ओरडलो. प्रश्न पोरांच्या तोंडातोंडी समाजमंदिरापर्यंत गेला. उत्तर निघालं "निळा". ते मच्छीबाजारातून जाताना जरा घसरलं आणि टाकीखाली पोचलं तेव्हा "गेला" झालं होतं.

"कोण गेला?"

"ते नाय म्हाईत. गच्चीवरून सांगतायत, गेला."

मी ॲपमध्ये 'दिवा बंद' हा पर्याय दाबला. ॲपने सांगितलं, पहिल्यापासून सुरू करा. इकडे बातमी बाजारातून चहूकडे पसरली आणि अर्ध्या तासात दोन म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावून समाजमंदिराशी हजर. वायरमनदादांना गच्चीवर धडधाकट पाहून त्यांना आनंद झाला की फेरा फुकट गेल्याचं वाईट वाटलं, हे मला टाकीवरून नीट दिसलं नाही. त्यांच्यामागोमाग एक जण टाकीखाली आला आणि त्याने साठी ओलांडलेल्या मला लग्न लावून द्यायचा शब्द दिला.

शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला.

"नमस्कार सर, राउटर एकदा बंद करून चालू केलात का?"

"केला."

"पुन्हा एकदा कराल का?"

"तो तिकडे आहे, मी इकडे टाकीवर आहे."

"टाकीवर? सर, आपण कुठून बोलताय?"

"अलिबागजवळून."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग खोकल्याआड दाबलेलं हसू आलं. 'अलिबागसे आया है क्या' या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती, ती २०१९ साली फेटाळली गेली. म्हणजे त्या मुलाचं हसणं पूर्ण कायदेशीर होतं. त्याने मला सांगितलं की तक्रार पोर्टलवर नोंदवावी लागेल आणि पोर्टलची लिंक ई-मेल केली आहे. मी शिडीवर बसून ती तक्रार नोंदवली. 'अडचणीचे स्वरूप' या रकान्यात पर्याय होते: वेग कमी, बिल जास्त, इतर. मी 'इतर' निवडलं.

यथावकाश दिवा निळाच आहे हे सर्वमान्य झालं आणि राउटर गावाच्या नावे नोंदला गेला. पुढचा मुक्काम नामकरण. सरपंचताईंचा आग्रह रास्त होता: नाव मराठीत आणि देवनागरीत. मंडळींनी देवाचं नाव, गावाचं नाव, 'ग्रामपंचायत', आणि शेवटी 'सौजन्य' म्हणून दोन देणगीदार असा मजकूर दिला. तो लग्नपत्रिकेतसुद्धा घडी न घालता मावला नसता. वाय-फायच्या नावाला जगभर एकच माप आहे, ३२ बाइट. रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीत मूळ अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, प्रत्येकाला तीन-तीन बाइट लागतात. एकट्या 'श्री'ला १२. म्हणजे देवाचं नाव घ्यायच्या आधीच एक तृतीयांशाहून अधिक जागा नमस्कारात गेली.

"मग नुसतं 'ग्रामपंचायत' ठेवा," भाऊसाहेब म्हणाले.

मी कागदावर हिशेब मांडला. ग, पाय मोडायची खूण, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त. अकरा खुणा, ३३ बाइट. एक बाइट जास्त! रोमन लिपीत हाच शब्द १३ बाइटांत पाय पसरून झोपतो. आमच्या यंत्राने तक्रार केली नाही. त्याने शेवटच्या 'त'ची तीनपैकी दोन शकलं ठेवली आणि तिसरं फेकून दिलं. फोनवर दिसू लागलं 'ग्रामपंचाय' आणि पुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. विरोधी गटाने त्याचा फोटो काढून 'कारभार असा चालतो' या मथळ्याखाली फिरवला. मग 'गावकरी' हे नाव एकमताने ठरलं: ग, काना, व, क, र, वेलांटी, १८ बाइट. उरलेल्या १४ बाइटांत आपलं नाव बसवा म्हणून एक देणगीदार अजून येतात.

पहिल्या शनिवारी हॉटस्पॉट लोकांसाठी खुला झाला. सार्वजनिक वाय-फाय वापरणारा माणूस कोण आहे याची खात्री करून घ्यावी, असा दूरसंचार विभागाचा दंडक २००९ पासून आहे. कारण गंभीरच होतं: आदल्या वर्षी नवी मुंबईत कुणाच्या तरी घरातल्या उघड्या वाय-फायवरून दहशतवाद्यांनी ई-मेल पाठवला होता. त्यामुळे आधी मोबाइल क्रमांक टाकायचा, मग मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की दार उघडतं. पाहुण्यांनी क्रमांक टाकले आणि ओटीपीची वाट पाहू लागले. ओटीपी यायला रेंज लागते.

समाजमंदिरासमोर पाचपन्नास माणसं फोन आकाशाकडे धरून उभी आहेत हे दृश्य बघून एसटीतल्या एका आजींनी ग्रहण आहे का म्हणून विचारलं. कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर जहाजांना दस्तकं दिली. दस्तक नसलं की गलबत अडवलं जाई. पण दस्तक असल्याशिवाय दस्तक मिळणार नाही, असं त्यांनीही कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही. पीसीओवाले काका मात्र हुशार. त्यांनी टाकीच्या शिडीशी खुर्ची टाकली आणि एक पोरगा ठेवला. पाहुण्याचा फोन घेऊन पोरगा वर जाणार, ओटीपी पाहणार आणि आकडे खाली ओरडून सांगणार. दर दहा रुपये, रोख. कुणाला सांगू नका असं प्रत्येक ओटीपीखाली बजावलेलं असतं. आमच्याकडे तो निम्म्या गावाला ऐकू जायचा.

तरी लोक रुळले. एकदा नोंद झालेला फोन पुढच्या वेळी आपोआप जोडला जाऊ लागला. आणि मग एक नवाच प्रकार. सकाळी आठपर्यंत सगळं सुरळीत, आठनंतर कुणालाच नेट मिळेना. राउटर चालू, दिवा निळा, पण फोन म्हणतो, 'पत्ता मिळत नाही'. मी नोंदी काढून पाहिल्या. राउटर येणाऱ्या प्रत्येक फोनला एक तात्पुरता पत्ता देतो, १९२.१६८.१.५७ असा काहीतरी. (तो वाचून आजोबांनी विचारलं होतं, "हा कुठला गट नंबर?") आमच्या यंत्रात असे शंभर पत्ते ठेवले होते आणि दिलेला पत्ता चोवीस तास त्या फोनच्या नावे राहायचा. सकाळची एसटी समाजमंदिरासमोर थांबते. आत कॉलेजची पोरं, कचेरीचे लोक, सगळे आधी केव्हातरी नोंद झालेले. गाडी थांबते तेवढ्यात खिशातल्या खिशात सगळ्यांचे फोन एकेक पत्ता उचलतात. कंडक्टर दोरी ओढतो आणि गावकऱ्यांच्या वाट्याचे पत्ते एसटीत बसून निघून जातात. ही गोष्ट मी सभेत समजावून सांगितली. सभेने एसटीचा थांबा पुढे हलवावा असा ठराव केला. पत्त्याची मुदत पंधरा मिनिटांवर आणल्याने काम भागलं, पण ठराव झाला होता तो झालाच.

यानंतर पत्त्यांचे दिवस संपले आणि ॲडमिनचे सुरू झाले.

ॲडमिन मी एकटाच होतो. सरपंचताई म्हणाल्या, मी गावची प्रमुख, मला नको का? दिला. मग उपसरपंच रुसले. त्यांना दिला तेव्हा विरोधी गटाने समतोलाचा मुद्दा काढला. पोलीसपाटलांना कायदा-सुव्यवस्थेसाठी, मास्तरांना मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवण्यासाठी, पीसीओवाल्या काकांना अनुभवामुळे. कुणीतरी सोय म्हणून पासवर्डच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या रात्री गावात ज्याच्याकडे फोन तो ॲडमिन, अशी खरी लोकशाही आली.

आम्हाला वाटलं होतं, लोक वेग-बिग पाहतील. पण ॲपमध्ये एक पान होतं: आता कोण जोडलेलं आहे. तिथं फोनची नावं दिसतात, आणि आमच्या लोकांनी फोनला स्वतःचीच नावं दिली आहेत. गावात कुणीही दूरदर्शन लावेना. रात्री साडेअकराला अमुक फोन समाजमंदिराजवळ काय करतोय? आणि त्याच्या शेजारी तमुक फोन का आहे? देवळाच्या पायरीवर ज्या चर्चा पूर्वी अंदाजाने होत त्या आता पुराव्याने होऊ लागल्या. एक साखरपुडा त्या पानामुळे लवकर उरकावा लागला. मुलीच्या वडिलांनी पत्रिकेत 'सौजन्य' लिहायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग सुधारणा सुरू झाल्या. मास्तरांनी रात्री नऊनंतर नेट बंद केलं. नऊ वाजून एक मिनिटाला कुणीतरी चालू केलं. पुजारीकाकांनी आरतीच्या वेळी वेग कमी केला. होमस्टेवाल्यांनी आपापल्या राउटरला त्रास नको म्हणून 'गावकरी'चं चॅनल बदललं. कामाची चॅनलं तीनच, एक, सहा आणि अकरा, आणि होमस्टे त्याहून बरेच. त्यामुळे 'गावकरी' दिवसभर या तीन घरांत पाहुण्यासारखा फिरत राहायचा. गावाच्या मैदानावर टेनिस बॉलच्या रात्रीच्या सामन्यांची स्पर्धा लागली तेव्हा मंडळाच्या पोरांनी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण ठेवलं आणि गावची सगळी लाइन मैदानाकडे वळवली. प्रक्षेपण बघणारे सगळे गावातलेच. ते घरी नेट मिळेना म्हणून मैदानावर गेले आणि समोर सामना सुरू असताना फोनमध्ये प्रक्षेपण अडकतंय म्हणून ओरडू लागले.

बिलाचा विषय निघाला तेव्हा मात्र मला कळलं की मी अजूनही एकटाच ॲडमिन आहे. अशा सार्वजनिक ऑफिसांकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा आदेश ट्रायने जून २०२५ मध्ये काढला. भाऊसाहेबांनी तो वाचून दाखवला. सभेने टाळ्या वाजवल्या आणि दुपटीपेक्षा कमी म्हणजे किती हे न विचारता सगळे उठले. ग्रुपवर मी बिलाचा फोटो टाकला. अर्ध्या गावाने त्याला अंगठा दाखवला.

सध्याची परिस्थिती अशी. कुणीतरी ॲडमिनचा पासवर्ड बदलला आहे. जो तो म्हणतो, मी नाही. मागच्या भोकात टाचणी घालून यंत्र कोरं करून पाहिलं; पण मॅनेज्ड यंत्र कोरं झालं तरी जागं होताच क्लाउडला विचारतं, माझा मालक कोण, आणि क्लाउड जुनंच खातं दाखवतो. हॉटस्पॉट चालू आहे, दिवा निळा आहे. फक्त ज्या कुणाच्या हातात पासवर्ड शेवटचा राहिला, त्याने लोकांनी फोन जोडल्यावर उघडणारं पान बदलून त्यावर स्वतःच्या होमस्टेचे दर टाकले आहेत. त्यात फोन नंबर नाही आणि नावही नाही. 'समुद्राजवळ' एवढंच लिहिलं आहे, आणि आमच्याकडे सगळंच समुद्राजवळ आहे.

तेव्हा गावकऱ्यांना आणि मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आमच्या मंडळींना विनंती: पासवर्ड ज्याने कुणी बदलला असेल त्याने तो चिठ्ठीवर लिहून ग्रामपंचायत कार्यालयाच्या सूचनापेटीत टाकावा. नाव विचारलं जाणार नाही. पासवर्ड कृपया ग्रुपवर टाकू नये. आणि चालू महिन्याचं बिल पेटीशेजारीच ठेवलं आहे, तेही जाता जाता पाहावं.